गावाचा आकडा आणि वस्तीचे बाळ

१

लोकाधारित प्राथमिक आरोग्यसेवेचे मूल्यमापन हा विषय दलित चळवळीच्या व्यासपीठावर सहसा येत नाही. तो डॉक्टरांचा, संख्याशास्त्रज्ञांचा, फार तर शासनाच्या नियोजन खात्याचा विषय आहे असे आपण मानून चाललो आहोत. जमीन, राखीव जागा, अत्याचार, शिक्षण, साहित्य यांवर आपण परिषदा भरवल्या, अंक काढले. आपल्या वस्तीत किती मुले जन्मली, त्यांतली किती दगावली आणि ती कोणाच्या वहीत नोंदली गेली, हे मात्र आपण क्वचितच विचारले.

मी एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात इतिहास शिकवते. घराण्यातली पहिली पदवीधर मीच. आरोग्यशास्त्राची जाणकार म्हणून मी हा लेख लिहीत नाही. पण इतिहास शिकवणाऱ्या माणसाला एक सवय जडलेली असते. कागद समोर आला की तो कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला आणि त्यात कोण आलेले नाही, हे तो आधी पाहतो. आरोग्य कार्यक्रमांच्या मूल्यमापनाचे अहवाल मी याच सवयीने वाचू लागले. वाचायला लागण्याचे कारण मात्र घरचे आहे.

माझ्या आईचे पहिले मूल १९८१ साली गेले. मी त्यानंतर सात वर्षांनी जन्मले. त्या वेळी आमच्या गावात शासनाच्या योजनेतला एक आरोग्यरक्षक होता. तो गावच्या पुढाऱ्याच्या नात्यातला. औषधांची पेटी त्याच्या ओट्यावर असे. आमच्या माणसांनी ओट्याखाली उभे राहायचे. तो वरून पुडी टाकी; ती पदरात पडली तर पडली, नाही तर मातीतून वेचायची. बाळाला हगवण लागली तेव्हा आई दोनदा त्या ओट्याखाली जाऊन उभी राहिली. पहिल्या दिवशी पुडी मिळाली. दुसऱ्या दिवशी घरात पाहुणे होते, म्हणून "संध्याकाळी ये" असे उत्तर मिळाले. संध्याकाळपर्यंत बाळ राहिले नाही. साखर-मिठाचे पाणी घोटघोट पाजत राहावे, एवढे जरी आईला कोणी समोर बसवून सांगितले असते, तर माझा मोठा भाऊ आज चव्वेचाळीस वर्षांचा असता, असे मला पुष्कळदा वाटते.

पुढे वर्षाच्या आतबाहेर योजनेची पाहणी करायला शहरातून माणसे आली. चावडीपाशी बसून त्यांनी चारचौघांना विचारले. आमच्या वस्तीतल्याही दोघातिघांना बोलावले, त्यांत आई होती. आरोग्यरक्षक गावात असतो का? असतो. औषध मिळते का? मिळते. पैसे घेतो का? नाही. आई आजही सांगते, "मिळतं का म्हणलं, तर मिळतं म्हणलं. कसं मिळतं, हे कुणी इचारलंच न्हाई."

त्या अहवालात आमच्या गावासमोर काय लिहिले गेले, ते मी पाहिलेले नाही. पण आईच्या उत्तरासमोर 'होय' या रकान्यात खूण झाली असणार, यात मला शंका नाही. आईने खोटे सांगितले नाही, पाहणाऱ्यानेही खोटे लिहिले नाही. तरी त्या 'होय'मध्ये एका बाळाचा मृत्यू बुजून गेला. दोन खऱ्या माणसांच्या हातून असा खोटा कागद कसा तयार होतो, हा या लेखाचा प्रश्न आहे.

२

'लोकाधारित' या शब्दाचा इतिहास आधी पाहिला पाहिजे. ब्रिटिश सरकारने १९४३ साली सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९४६ साली आला. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचाराला मुकू नये, प्रतिबंध आणि उपचार एकत्र असावेत, प्राथमिक आरोग्य केंद्र हा ग्रामीण सेवेचा पाया असावा आणि गावोगाव आरोग्यसमिती असावी, असा तिचा आशय होता. अहवाल उदात्त आहे. पण गावची समिती म्हणजे गावातले कोण, हा प्रश्न त्याला फारसा सतावत नाही.

तो प्रश्न दोनच वर्षांनी संविधान सभेत विचारला गेला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्याविषयीच्या गोड कल्पनांवर कठोर प्रहार केला. संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांचे घर असलेल्या खेड्याला राज्यघटनेचे मूळ एकक करण्यास त्यांनी नकार दिला आणि व्यक्ती हे एकक मानले. हे भाषण आपण राज्यशास्त्राच्या तासाला शिकवतो. माझ्या मते ते आरोग्यशास्त्राच्या तासालाही शिकवले पाहिजे. कारण 'समुदाय', 'लोकसहभाग', 'गावाचा निर्णय' असे शब्द उच्चारले की बाबासाहेबांनी नाकारलेले ते अखंड गाव पुन्हा मागच्या दाराने आत येते.

आणि ते आले. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली. प्राथमिक आरोग्य केंद्रे याच योजनेच्या गटांबरोबर उभी राहू लागली. तिचे मूल्यमापन करायला त्याच वर्षी स्वतंत्र संघटनाही स्थापन झाली. मूल्यमापन हे आपल्याकडे नियोजनाचे जुळे भावंड आहे, असे म्हटले तरी चालेल. १९५७ साली बलवंतराय मेहता समितीने या योजनेत लोकांचा पुढाकार जागा झाला नाही असे म्हटले आणि उपाय म्हणून पंचायत राज्य सुचवले. पुढाकार का जागा झाला नाही, याचे एक उत्तर गावाच्या रचनेतच होते. ज्याच्या हाती जमीन, विहीर आणि चावडी, त्याच्याच हाती नवी समिती जाणार होती.

या चौकटीबाहेरची एक परंपराही आपल्याकडे होती, तिचे स्मरण इथे आवश्यक आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुल्यांनी मुंढव्याच्या महारवाड्यातला आजारी मुलगा पाठीवर घेऊन डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात आणला. त्या सेवेतच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. आपण या घटनेकडे त्याग म्हणून पाहतो. मला त्यात आरोग्यसेवेची एक कसोटीही दिसते. सेवा महारवाड्यापर्यंत चालत गेली की नाही आणि तिने तिथल्या मुलाला स्पर्श केला की नाही? कोणत्याही कार्यक्रमाची पहिली परीक्षा याच दोन प्रश्नांनी झाली पाहिजे.

३

आईच्या हकिकतीतली योजना २ ऑक्टोबर १९७७ रोजी जनता पक्षाच्या राजवटीत सुरू झाली. हजार लोकसंख्येमागे एक आरोग्य कार्यकर्ता, त्याला तीन महिन्यांचे प्रशिक्षण, त्या काळात दरमहा २०० रुपये विद्यावेतन, नंतर दरमहा ५० रुपये मानधन आणि ५० रुपयांची औषधे. 'लोकांचे आरोग्य लोकांच्या हाती' हे तिचे तत्त्व होते. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९७८ मध्ये, तेव्हाच्या सोव्हिएत संघातील अल्मा-आटा येथे जागतिक परिषद झाली आणि २००० सालापर्यंत सर्वांसाठी आरोग्य हे ध्येय भारतासह सर्व देशांनी मान्य केले. म्हणजे आपली योजना जगाच्या एक पाऊल पुढे होती!

योजनेचे नाव पुढे बदलत गेले. कार्यकर्त्याचा 'स्वयंसेवक' झाला, नंतर 'मार्गदर्शक' झाला. नावे बदलली तरी निवड गावाच्याच हाती राहिली, आणि गाव म्हणजे कोण हे मी वर सांगितलेच आहे. निवडलेल्यांत पुरुषांचा भरणा मोठा होता. बाळंतपण, अंगावर पाजणे, मुलांची हगवण हे ज्या कामाचे गाभे, ते काम पुरुषांकडे गेले. औषधांच्या पेटीने त्यांना गावात मान मिळवून दिला. प्रतिबंधाचे काम मागे पडले आणि गोळ्या वाटण्याचे पुढे आले.

या योजनेची मूल्यमापने झाली, चांगल्या संस्थांनी केली. त्यांतले प्रश्न बहुतेक असे असत: कार्यकर्त्याला प्रशिक्षण मिळाले का, औषधे वेळेवर येतात का, लोकांना तो माहीत आहे का, लोक समाधानी आहेत का. हे प्रश्न निरर्थक नाहीत. पण त्यांची बैठक व्यवस्थापनाची आहे. 'लोक' समाधानी आहेत का असे विचारले, की उत्तर देणारा चावडीवरचा असतो. आणि वस्तीतला माणूस चावडीवर बोलावला, तर तो चावडीवर बोलण्याजोगेच बोलतो. ज्याच्या ओट्याखाली उद्या पुन्हा उभे राहायचे आहे, त्याच्याविषयी त्याच्याच भावकीसमोर तक्रार कोण करील? मुलाखत कोठे घेतली, कोणाच्या देखत घेतली आणि कोणी घेतली, यावर उत्तर ठरते. ही साधी गोष्ट मूल्यमापनाच्या पद्धतीत फार उशिरा आली, आणि आजही ती पुरती आलेली नाही.

४

मग लोकाधारित आरोग्यसेवा हे एक थोतांडच आहे काय? तसे म्हणणे सोपे आहे, पण इतिहासाला धरून होणार नाही. कारण याच महाराष्ट्रात, मराठवाड्याच्या हद्दीला लागून, एक निराळा प्रयोग त्याआधीच उभा राहिला होता.

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे आले. दोघे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले, आणि सार्वजनिक आरोग्याचे पुढील शिक्षण त्यांनी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात घेतले होते. सुरुवातीला त्यांनी शिकलेल्या परिचारिकांना गावोगाव ठेवून पाहिले. ते जमले नाही. परिचारिका गावात राहायला नाखूश असत आणि गावच्या बायका त्यांच्यापाशी मन मोकळे करीत नसत. मग गावातल्याच बायका निवडल्या गेल्या. त्यांतल्या अनेक निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या, काही टाकलेल्या होत्या. त्या जामखेडला येत, शिकत आणि परत गावात जाऊन काम करीत.

इथले शिक्षण औषधांच्या नावांपाशी थांबत नव्हते. निरनिराळ्या जातींच्या या बायका एकत्र जेवत आणि रात्री एकाच मोठ्या वाकळेखाली झोपत. १९७२ च्या दुष्काळात प्रकल्पाने विंधनविहिरींचे काम हाती घेतले. त्या विहिरी दलित वस्तीत घेण्याचा आग्रह धरला गेला. सवर्ण बाईला पाण्यासाठी आमच्या वस्तीत यावे लागले! २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याकडे आपण चालत गेलो होतो. इथे पंचेचाळीस वर्षांनी पाण्याची वाट उलट्या दिशेने चालली. सत्याग्रहाची आणि विंधनविहिरीची तुलना मी करीत नाही. एकात आपण हक्क मागितला, दुसऱ्यात एका डॉक्टरने युक्ती केली. पण ज्या डॉक्टरला रोगजंतूंबरोबर पाणवठ्यावरची जातही दिसते, तो डॉक्टर निराळा, हे कबूल केले पाहिजे.

परिणाम आकड्यांत दिसला. प्रकल्पाच्या स्वतःच्या नोंदींप्रमाणे १९७१ साली त्या गावांत दर हजार जन्मांमागे १७६ अर्भके वर्षाच्या आत दगावत. पाव शतकात हा आकडा तिशीच्या आत आला. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने काढलेल्या पुस्तकात जामखेडचा समावेश झाला, १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. स्वतःच्या नोंदींवर टीकाकार विश्वास ठेवीत नाहीत, आणि ते योग्यच आहे. म्हणून २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाला महत्त्व आहे. त्यात प्रकल्पाची गावे आणि भोवतालची प्रकल्पाबाहेरची गावे यांची तुलना केली होती. पाच वर्षांखालील मुलांच्या मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. हा फरक मुख्यतः पहिल्या महिन्यानंतरच्या वयातला होता. चार दशकांनंतरही फरक टिकून आहे, ही लहान गोष्ट नाही.

पण हा आकडा दोन प्रकारच्या गावांच्या तुलनेतून आला आहे. एकाच गावातल्या दोन वस्त्यांची तुलना हा त्याचा प्रश्न नाही. गावकुसाच्या आत आणि बाहेर बाळाच्या जगण्याची शक्यता सारखी झाली का, या प्रश्नाला तो उत्तर देत नाही. वाकळेचे आणि विहिरीचे काय झाले, त्या बायका घरी परतल्यावर एका पंगतीत बसल्या का, हे तर कोणत्याच रकान्यात मावत नाही. जामखेडचे जे सर्वांत क्रांतिकारक अंग, ते मूल्यमापनात आठवण म्हणून येते, हृद्य किस्सा म्हणून येते. पुरावा म्हणून येत नाही. म्हणूनच पुढे शासनाने अशा प्रयोगांपासून बाई घेतली, पेटी घेतली, हजारामागे एक हे प्रमाण घेतले. वाकळ घेतली नाही.

५

येथे माझ्या आजीविषयी लिहिले पाहिजे. आजी सुईण होती. गावातली निम्मी माणसे तिच्या हातावर जन्मली. बाळंतिणीच्या घरी तिला मागच्या दाराने बोलावत. नाळ कापायची, न्हाणी धुवायची, विटाळाचे कपडे उचलायचे, हे सारे तिचे काम. पाचवी-सटवाई झाली, सोयर फिटले, की त्याच घराच्या उंबऱ्याला तिने शिवायचे नाही. आडवे मूल पोटावरून हात फिरवून ओळखणारी ही बाई बिदागी म्हणून शेरभर ज्वारी आणि जुने लुगडे घेऊन परत येई. धर्मांतरानंतर गावकीची कामे सोडली तेव्हा वडिलांनी तिला हेही सोडायला सांगितले. ती म्हणाली, "अडलेल्या बाईला काय सांगू? जातीला न्हाई म्हनीन, बाईला कसं न्हाई म्हनू?"

दलित आरोग्यसेविकेला सवर्ण घरात प्रवेश मिळाला, म्हणून जात मोडली, असा निष्कर्ष काही जण काढतात. आजीकडे पाहून मला तो घाईचा वाटतो. गरजेपुरता स्पर्श जातीला नेहमीच चालत आला आहे. आजीचा हात सवर्ण बाळाला सर्वांच्या आधी लागत होता. त्याने जातीचा केसही वाकडा झाला नाही. फरक स्पर्शात नाही, अधिकारात आहे. जामखेडची सेविका पुढच्या दाराने आली, तिच्यापाशी तराजू होता, ज्ञान होते, पाठीशी दवाखाना होता. तिने सांगितलेले घरातल्यांना ऐकावे लागले. आजीचे ज्ञान मात्र विटाळात गुंडाळलेले होते. पुढच्या काळात अहवालांनी तिच्यासारख्यांना 'अप्रशिक्षित सुईण' या रकान्यात टाकले आणि बालमृत्यूच्या कारणांत तिची गणना केली. तिला दर बाळंतपणाला नवे पाते आणि साबण कोणी पुरवायचा होता, हे त्या रकान्यात लिहिलेले नव्हते.

मूल्यमापनाने विचारायचा प्रश्न असा आहे: या कार्यक्रमाने दलित बाईला कोणत्या दाराने आत नेले, आणि काम संपल्यावर तिला कोठे बसवले?

६

मोजण्याविषयी माझा राग आहे असा कोणी समज करून घेऊ नये. मोजणे हे परिवर्तनाचे हत्यार आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून काम सुरू केले. १९९३ ते १९९८ या काळात त्यांनी ३९ गावांत घरोघर नवजात बालकांच्या सेवेचा प्रयोग केला आणि ४७ गावांशी त्याची तुलना केली. गावातल्याच, थोड्या शिकलेल्या बायकांनी हे काम केले. नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली हे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले आणि पुढे शासनाला घरपोच नवजात सेवेचे धोरण स्वीकारावे लागले. तिथे प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू नोंदला गेला, म्हणूनच हा युक्तिवाद उभा राहिला. २००१ सालच्या 'कोवळी पानगळ' या अहवालाने तर महाराष्ट्रातले बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी अधिक आहेत, हे दाखवून दिले. जे मूल नोंदले गेले नाही, ते मेलेही नाही असा सरकारी न्याय असतो. माझ्या भावाची नोंद जन्माच्या वहीतही नाही आणि मृत्यूच्याही नाही.

प्रश्न उरतो तो मोजणीत जात दिसण्याचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २००५-०६ च्या फेरीत अनुसूचित जातींत दर हजार जन्मांमागे सुमारे ६६ अर्भके दगावत होती. 'इतर' या गटात सुमारे ४९. हा फरक पाहणीत जात विचारली म्हणून दिसला. दरवर्षी येणाऱ्या नमुना नोंदणीच्या पत्रकात राज्य असते, ग्रामीण-शहरी असते, जात नसते. तालुक्याच्या आढावा बैठकीत तर गावाचा एकच आकडा असतो. 'आमच्या गावात शंभर टक्के लसीकरण' हा फलक मी पुष्कळ ठिकाणी वाचला आहे. शंभर कोणातले, हे त्यावर लिहिलेले नसते.

२००१-०२ मध्ये ११ राज्यांतल्या ५६५ गावांत अस्पृश्यतेची पाहणी झाली. घनश्याम शाह, हर्ष मंदर, सुखदेव थोरात, सतीश देशपांडे आणि अमिता बाविस्कर यांचा तो अहवाल २००६ साली पुस्तकरूपाने आला. सुमारे एक तृतीयांश गावांत सार्वजनिक आरोग्य कर्मचारी दलितांच्या घरी जात नसल्याचे त्यात आढळले. माझ्या आईच्या ओट्याखालच्या अनुभवाला हा आकडा पाठबळ देतो. हे सत्य आरोग्य कार्यक्रमाच्या मूल्यमापनातून बाहेर आले नाही. ते अस्पृश्यतेच्या पाहणीतून बाहेर आले. आरोग्याच्या अभ्यासकांनी जे विचारले नाही, ते जातीच्या अभ्यासकांना विचारावे लागले.

यावर काही डॉक्टर मित्र म्हणतात, आम्ही रुग्णाची जात पाहत नाही, मग नोंदवायची कशाला? त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. पण डॉक्टरने जात पाहिली नाही म्हणून ती रस्त्यात थांबत नाही. ती उपकेंद्राच्या जागेत असते, परिचारिकेच्या मुक्कामाच्या घरात असते, पुडी हातात ठेवण्यात की वरून टाकण्यात असते. न पाहिल्याने ती नाहीशी होत नाही. कागदावरून तेवढी जाते.

७

आता श्रमाचा प्रश्न. १२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि हजार लोकसंख्येमागे एक 'आशा' आली. आठवी उत्तीर्ण ही अट आली. ती शिथिल करता येत होती, तरी व्यवहारात अटीचेच राज्य असते. जामखेडने ज्या निरक्षर दलित बाईवर विश्वास टाकला, तिच्यासाठी हे दार अरुंद झाले. ज्या आल्या त्यांना पगार नाही. कामागणिक मोबदला आणि मानधन. शासनाच्या लेखी त्या स्वयंसेविका. कोविडच्या साथीत २०२० साली त्या घरोघर फिरल्या. २०२१ च्या जूनमध्ये महाराष्ट्रातल्या आशांना मोबदल्यासाठी संप करावा लागला. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. गौरवाला पैसे पडत नाहीत.

'मानधन' हा शब्द ऐकला की मला वतन आठवते. गावाची सेवा, गावाच्या हिताची सेवा, आणि मोबदला गावाच्या मर्जीवर! १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले, ते कामाला निश्चित वेतन असावे, महाराने कोणाच्या दयेवर जगू नये, म्हणून. ते वतन कायद्याने जायला १९५८ साल उजाडावे लागले. त्याच वर्षी, १९२८ मध्ये, त्यांनी मातृत्व लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाळंतिणीच्या विश्रांतीचा भार मालकाने आणि शासनाने उचलावा अशी भूमिका घेतली होती. श्रम आणि आरोग्य या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या केल्या नाहीत. आपल्या मूल्यमापनांत मात्र 'अल्प खर्चात मोठा परिणाम' ही प्रशंसा असते. हा अल्प खर्च कोणाच्या न दिलेल्या पगारातून आला, हे लिहिलेले नसते. आदर्श प्रयोगांनाही हा प्रश्न विचारला पाहिजे. जामखेडच्या सेविकांना बचत, कर्ज आणि स्वतःच्या धंद्यासाठी साहाय्य मिळाले, प्रतिष्ठा मिळाली; पगारदार नोकरी मिळाली नाही. प्रतिष्ठा मोठी आहे. पण म्हातारपणी ती चूल पेटवत नाही.

८

२००७ साली महाराष्ट्रात एक निराळी सुरुवात झाली. अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेखीची प्रक्रिया सुरू झाली. गावकऱ्यांनीच सेवांना हिरवा, पिवळा, लाल असे शेरे द्यायचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते मांडायचे. पाहिला जाणारा माणूस इथे पाहणारा झाला. अनेक ठिकाणी यामुळे बंद पडलेल्या सेवा सुरू झाल्या. मला ही दिशा योग्य वाटते. पण इथेही माझी शंका तीच: शेरा देताना बैठक कोठे बसली होती? गावाचे कार्ड एक असेल, तर वस्तीचा लाल रंग गावाच्या हिरव्यात मिसळून जाईल.

म्हणून कार्यकर्ते, विद्यार्थी आणि शिक्षक या माझ्या वाचकांपुढे मी काही साध्या मागण्या ठेवते. आरोग्य कार्यक्रमाचा प्रत्येक आकडा वस्तीवार मांडला जावा. मुलाखती वस्तीत, घरात, बायकांशी, आणि सेवा देणाऱ्याच्या गैरहजेरीत व्हाव्यात. 'मिळते का' याबरोबर 'कसे मिळते' हा प्रश्न सक्तीचा असावा: हातात दिले की टाकले, घरात आला की बाहेरून हाक मारली, तपासताना हात लावला की नाही. काम करणाऱ्या बाईचा मोबदला हा कार्यक्रमाच्या यशाचा एक निकष असावा. आणि मूल्यमापन करणाऱ्यांत आपली शिकलेली मुले-मुली असावीत. प्रश्न विचारणारी म्हणून नव्हे केवळ, प्रश्न ठरवणारी म्हणून.

आपल्याकडेही बोट वळवले पाहिजे. वस्ती म्हणजे तरी एक कोठे आहे? बौद्धवाड्यापलीकडे मांगवाडा आहे, त्यापलीकडे पालावरची माणसे आहेत. त्यांची मुले आपण मोजली आहेत काय? आपल्यातल्या किती पुढाऱ्यांना आपल्या वाड्यातल्या बाळंतिणींची नावे ठाऊक आहेत? जयंतीची वर्गणी घरटी अचूक गोळा करणाऱ्या आपल्या तरुणांना घरटी जन्ममृत्यूची वही ठेवणे अवघड नाही.

गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या मुलींनी अशी वही सुरू केली. एक साधी शाळकरी वही आहे. पहिल्या पानावर वस्तीचे नाव, मग घरे, मग जन्म, मग मृत्यू आणि शेवटी एक मोठा रकाना: काय झाले ते त्या घरच्या बाईच्या शब्दांत. मुली आमच्या घरीही आल्या. त्यांनी आईला विचारले, मुले किती? मी शेजारीच बसले होते. मी आयुष्यभर 'दोघं' हे उत्तर ऐकत आले आहे, एक मी आणि एक धाकटा भाऊ. आई थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "तीन. लिवा."